बिडीचा वेळ

सन १९५३. मी बावीस वर्षांचा होतो, जालन्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला. माझ्या शेजारच्या यंत्रावर एक मुसलमान माणूस लागला. आधी तो कचेरीत उर्दू लिहायचा. निजामाचं राज्य गेल्यावर कचेरीतली उर्दू बंद झाली, ती नोकरी गेली, मंग वर्षभर दारोदार फिरून त्याला हे काम मिळाल्तं. त्याचं नाव मी कधी विचारलं न्हाई. सगळे मियाँ म्हणायचे.

दुपारी तो भुवयांवरची, दाढीतली रुई झटकायचा, हौदावर हातपाय धुवायचा अन् कापसाच्या ढिगामागं रुमाल अंथरून नमाज पढायचा. तेवढा वेळ त्याचं यंत्र मी बघायचो. कापसाजवळ बिडी चालत न्हाई, म्हणून आम्ही दिवसातून चारदा फाटकाबाहेर जायचो. तवा आमची यंत्रं तो बघायचा.

एकदा मुकादमानं त्याला नमाजावरून उठताना पाह्यलं.

"काय मियाँ, पगार कामाचा घेतो का नमाजाचा?"

"मुकादमसाब, मैं बीडी नै पीता. इनकू बीडीका वक्त मिलता, मेरेकू उत्ताच देव."

"मंग बिडी ओढायला शीक!"

सगळे हसले. मीपण हसलो. तो माझ्याकडं बघून राह्यला. याचं यंत्र मी सांभाळतो, काम थांबत न्हाई, एवढंच मला बोलायचं होतं. बोललो न्हाई. मी कुणाच्या बापाला भ्यालेला माणूस न्हाई, म्हणून भीतीनं गप्प बसलो असंही म्हणता येत न्हाई.

संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी बेकार बसलेल्या माझ्या सख्ख्या भावाला नेऊन त्या यंत्रावर उभं केलं.