विरघळलेल्याची जागा

एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास मी महाल भागातल्या शाळेत शिकवायला बसने जात असे. एका सकाळी एक मुलगी टॉवेलात गुंडाळलेली काचेची लांब नळी छातीशी धरून चढली. बायकांच्या बाकावर आम्ही तिघी होतो.

"जागा नाही वं," मी म्हटलं.

"होते, ताई," म्हणत ती आमच्या मधोमध बसलीसुद्धा.

नळी कशासाठी, मी विचारलं.

"हिच्यात बेंझीन भरते. मग त्यात गॅस विरघळवते आन् बेंझीन किती वर चढलं ते पाहते."

"विरघळला म्हणजे संपलाच ना तो?"

"दिसत नाही, पण त्याले जागा लागतेच. तेवढीच मी मोजून राहिली." बसला गचका बसला, तशी तिने आधी नळी सावरली, मग स्वतःला. "लॅबमध्येही मले जागा नाही म्हणे. मी बेसिनपाशी उभी राहून काम सुरू केलं. आता माहं टेबल आहे तिथं."

कॉलेजपाशी ती उतरली. पुन्हा कधी दिसली नाही. आम्ही तिघी मात्र महाल येईपर्यंत तशाच आकसून बसलो होतो, मधे तिच्याएवढी जागा ठेवून.