खांद्यावर राहिलेला हात

“हा कडंचा उडव. हा आपल्यातला न्हाई.”

आबांनी माझ्या स्क्रीनवर बोट टेकवलं. आबा पुनावळ्याचे, जुन्या गाववाल्यांपैकी. जमिनी बिल्डरकडे गेल्यापासून ते समाजसेवक आहेत. बोट टेकलं ते माझ्या वडिलांच्या तोंडावर.

मी तो उडवला.

चिंचवडच्या एका फ्लेक्सच्या दुकानात तेव्हा मी डिझाइन करायचे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली. आता सगळं ऑनलाइन असतं. तयार साचा उघडायचा, फोटो टाकायचे, नमुना गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवायचा, होकार आला की छपाईची फाइल मशीनकडे. फ्लेक्सवर माणसाची योग्यता चेहऱ्याच्या आकारावरून ठरते, हे ज्ञान मला तिथेच मिळालं.

आबांना गावच्या शाळेच्या पन्नाशीचा फ्लेक्स हवा होता. वीस बाय दहा. अर्ध्या जागेत हात जोडलेले आबा. शाळा बांधली तेव्हा ते पाळण्यात असावेत, पण ते असो. उरलेल्या अर्ध्यात एक जुना फोटो. श्रमदानातून शाळेची भिंत उभी राहिली, त्या दिवशीचा. भिंतीपुढे सात माणसं खेटून उभी. आबांनी सहा नावं सांगितली, प्रत्येकाआधी कैलासवासी लावून. सातव्यापाशी नाव संपलं आणि बोट आलं.

तो चेहरा माझ्या धाकट्या भावाचा होता. तोच कपाळाचा उंचवटा, तीच वर उचललेली हनुवटी. भाऊ तेव्हा जन्मलाही नव्हता, म्हणजे ते वडीलच. ते त्याच गावचे, ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतले. शाळेच्या भिंतीचे दगड मी वाहिलेत, असं सांगायचे. फोटो काढला होता, हेही सांगायचे. दापोडीच्या खोलीत जेवताना आम्ही ते ऐकायचो आणि आमटी मागायचो. फोटो कुणाच्या घरात गेला ते त्यांना कधी कळलं नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या तरुणपणाचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

मालक शेजारी उभे होते. नोकरी होती. आणि खरं सांगायचं तर सवय होती. ‘आपल्यातला न्हाई’ ऐकलं की मान खाली घालायची सवय. मी बी.ए. आहे. बरंच वाचलं आहे. वाचलेलं त्या दिवशी कामाला आलं नाही.

पुसायचा ब्रश मी वडिलांवरून फिरवला. टूलने क्षणभर विचार केला आणि त्यांच्या जागी भिंत भरली. त्यांनीच दगड वाहिलेली भिंत.

नमुना पाठवला. आबांचा अंगठा आला. फ्लेक्स छापून गेला.

तिसऱ्या दिवशी आबा दुकानात आले. कमानीवर टांगलेल्या फ्लेक्सचा फोटो माझ्यापुढे धरला.

“ही काय भानगड हाय?”

आबांच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या खांद्यावर एक हात होता. मनगटापर्यंत. मनगटापुढे कोणी नव्हतं.

मी तो मुद्दाम ठेवला असं सांगायला मला आवडलं असतं. ते खोटं ठरेल. टूलला तो हात अण्णांच्या सदऱ्याचाच भाग वाटला. मोबाईलवर तो तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता, आणि आम्ही सगळ्यांनी नमुना मोबाईलवरच पाहिला होता. फ्लेक्सवर तो खऱ्या हाताएवढा झाला.

“पोरं इचारत्यात, अण्णांच्या खांद्यावर भूत बसलंय का म्हनून. पूस तो. लगेच.”

मी मूळ फोटो मोठा करून पाहिला. पाचही बोटं होती. भोसरीतल्या एका वर्कशॉपात प्रेसखाली वडिलांची दोन बोटं गेली, ती माझ्या जन्माआधी. मी तीन बोटांचा हात धरून चालायला शिकले. अख्खा हात आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. फोटोवाल्याने खेटून उभं राहा म्हटलं असेल आणि ओढ्यापलीकडच्या पोराने हात टाकला असेल. अण्णांनी तो झटकलेला नव्हता. निदान फोटो निघेपर्यंत.

“करून टाक गं,” मालक म्हणाले. “दोन मिनिटांचं काम आहे.”

“नाही करणार.”

“का?”

“तो माझ्या वडिलांचा हात आहे.”

मागे मशीन कुणाच्या तरी वाढदिवसाचं हसू छापत होतं. आबा मवाळ झाले. “अगं ताई, मग तवाच सांगायचं की.”

“सांगितलं असतं तर ठेवला असता?”

आबांना खोटं बोलायचा सराव आहे. त्या दिवशी तयारी नव्हती.

“न्हाई,” ते म्हणाले.

त्या टूलमध्ये प्रत्येक जुनी प्रत जपलेली असते. मी पहिली प्रत उघडली. हातापुढे दंड आला, दंडापुढे खांदा, मग हनुवटी. सात माणसं. स्क्रीन आबांकडे वळवली आणि उठले.

“उद्यापासून येऊ नकोस,” मालक म्हणाले. त्यांनाही दोनच मिनिटं लागली.

दुसऱ्या दुकानाने हात पुसून दिला. मी पुनावळ्याला जाऊन नवा फ्लेक्स पाहिला. काम स्वच्छ होतं. फक्त अण्णांचा तो खांदा किंचित खाली झुकलेला आहे. कशाच्या वजनाने, ते विचारणारं आता कोणी नाही.

आता मी दापोडीतल्या घरूनच कामं घेते. कधी कधी डिझाइन करताना माझा डावा खांदा जड होतो. मी मागे वळत नाही. मागे कोणी नसतं हे मला माहीत आहे. वडील असते तर त्यांना काय सांगणार होते? बोट आबांचं होतं. ब्रश माझा होता.

स्वतःसाठी मी एकच पाटी छापून घेतली. टेबलावर, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर लावली आहे: ‘फोटोतला माणूस काढून मिळणार नाही.’

लोक हसतात. काही उठून दुसरीकडे जातात. परवा एकाने विचारलं, “अहो ताई, पण मधे कुत्रं आलं असंल तर?”

कुत्रं काढते. माणूस काढत नाही.