पस्तीसचे बत्तीस

हे आजवर ओठांवर आलंच नाही – नवऱ्यापुढे तर नाहीच नाही. तुम्ही हसाल. हसा की! मीही हसतेच.

मी गणिताची मास्तरीण, माहेर दहिवडीचं. आमचे आबा फौजेतले. तोफांनी कान अधू झालेले, तोंडी बोललेलं नीट कळायचं नाही. त्यांचा हट्ट – बघायला येणाऱ्या पोराला पोह्यांबरोबर एक वर्गसमीकरण घालायचं. मी तोंडी विचारायचं, त्यानं मुळं सांगायची. मग मी ते उत्तरासकट कागदावर मांडायचं आणि आबा ताळा करणार. माझं ठरलेलं गणित, आबांच्या कधी ध्यानात न राहिलेलं – x² − 12x + 35 = 0. मुळांची बेरीज बारा, गुणाकार पस्तीस. म्हणजे पाच आणि सात. सोपं, नाही का?

माधवनगरचा एक आला होता. शांत, भला माणूस. म्हणाला, ‘तीन आणि नऊ.’ बेरीज जुळली, गुणाकार चुकला. मी काय करावं? सगळ्यांदेखत मीच म्हणाले, ‘नुसत्या बेरजेवर भागवणारा माणूस मला नको.’ त्याचे कान लालबुंद झाले. पोहे तसेच टाकून मंडळी उठली. केवढा तो माझा तोरा!

मग हा आला – शिरवळच्या कारखान्यातला. चहा स्वतःच्याच शर्टावर सांडला, स्वतःच खो-खो हसला, आणि... अहो, मी तिथंच खलास! तेच गणित घातलं. हा छातीठोकपणे म्हणाला, ‘चार आणि आठ!’

चार आठे बत्तीस. गेलं की हो सगळं! आबांनी चष्मा लावला. ‘मांड गं.’

आणि मी – तोरा मिरवणारी मी – उलटं गणित केलं. त्याच्या उत्तरावरून समीकरण! बारा तसेच ठेवले, पस्तीसच्या जागी बत्तीस लिहिले. आबांनी चार घालून बघितले, आठ घालून बघितले. दोन्ही वेळा शून्य आलं.

‘लय भारी गड्या! पोरगं हुशार हाय!’

सुखात आहे मी, अगदी लय सुखात. हा अजून प्रत्येक लग्नात ती गोष्ट रंगवून सांगतो, आणि मी मान डोलावते. लेक यंदा दहावीला आहे. काल म्हणाली, ‘आई, पप्पांचं ते गणित घाल ना.’ हा शेजारी मिशीत हसत उभा. मी पेन उचललं – आणि पुन्हा बत्तीसच लिहिलं.

तीन नवे सत्तावीस. माधवनगरचा आला त्या दिवशी तेही मला लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही.