दसऱ्याच्या दिवशी उघडं चाक

आमची छोटी गाडी पंधरा वर्षांची होत आली, तेव्हा नवऱ्याने एका रविवारी निकाल देऊन टाकला. आरटीओच्या तपासणीला एकदाच न्यायची. पास झाली तर पुढची पाच वर्षं आपली, नापास झाली तर भंगारात. भंगारवाला येऊन बॉनेटवर हात फिरवून गेलासुद्धा. मला त्या हाताचा इतका राग आला की त्याला चहा विचारायचं मी मुद्दाम विसरले.

गाडी कागदावर त्याची, पण चालवायची मी. माझी शाळा खानवेलच्या पुढे, डोंगरात. गाडी नव्हती तेव्हा संध्याकाळची बस चुकली की नाक्यावर ताटकळत उभं राहायचं आणि कुणाच्या तरी टेम्पोत पर्स छातीशी धरून सिल्वासातलं घर गाठायचं. गाडी आली आणि मी माझ्या वेळेची मालकीण झाले. दुधनीच्या धरणाकडून आलेली ताजी मासळी रस्त्याकडेला दिसली की ब्रेक दाबायचा, घासाघीस करायची, पिशवी मागच्या सीटखाली सरकवायची. मी कोकणातली, नवरा खानदेशातला. त्याला त्या वासाचा त्रास, मला त्याच्या त्रासाची गंमत. ही गाडी गेली असती तर दुसरी येणार नव्हती, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. परत नाका, परत टेम्पो.

म्हणून ती जगवायचीच, असं माझ्या मनाने घेतलं. नवरा इथल्याच एका धाग्याच्या कंपनीत फिटर आहे. आठवडाभर कंपनीची मशीनं, रविवारी आमची गाडी. बॅटरीच्या टोकांवर पांढरा फुलोरा आला की गरम पाणी ओतून घासायचा. ऑइलची कांडी ओढून पुसायची, तीही कंपनीतून आणलेल्या टाकाऊ सुताच्या गुंडाळ्याने. वायपरचं रबर बदलायचं, किंचाळणारा पट्टा ताणायचा. मी पाने हातात द्यायचे आणि प्रत्येक वेळी हे काय, ते कशाला, असं विचारून त्याचं डोकं खायचे. पण मला मनापासून मजा यायची. बंद पडलेलं काहीतरी आपल्या समोर सुरू होतं, यासारखं सुख नाही.

तपासणीची तारीख मिळाली ती नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची, ऑफिस उघडताच. बाकी सगळं झालं होतं, फक्त मागचे ब्रेक शू, म्हणजे ब्रेक दाबला की चाक आतून धरणारे तुकडे, झिजले होते आणि हँडब्रेक नुसता शोभेला होता. खंडेनवमीला नवऱ्याला सुट्टी होती, म्हणून त्याने सकाळीच काम काढलं. उजवं चाक दुपारपर्यंत झालं. डावं खोललं, शूंवर बसणारा डब्यासारखा ड्रम ओढून काढला, जुने शू उतरवले, आणि तेवढ्यात धुळ्याहून सासूबाईंचा फोन आला. हत्यारं पुजलीस का, हे विचारायला.

त्यांच्या घरचा नियम असा की नवमीच्या दिवेलागणीला हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचा, आणि दसरा उलटून दुसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय एकालाही शिवायचं नाही. नवरा एरवी देवाधर्मातला नाही, पण हत्यारांच्या बाबतीत भटजीपेक्षा कडक. फोन ठेवला आणि त्याचे हात दरवर्षीच्या सवयीने चालू लागले. पाने, पक्कड, हातोडी, सगळं घासलं. जॅकही हत्यारच, म्हणून गाडीखाली लाकडी ठोकळे रचून जॅक काढला, धुतला, त्यालाही कुंकू लावलं. हात जोडून उठला, खिडकीतून खाली पाहिलं आणि तसाच उभा राहिला. डावं चाक भिंतीला टेकून ठेवलेलं होतं.

मला आधी हसू आवरेना. मग तपासणीची आठवण झाली आणि हसू पळालं.

दसऱ्याच्या सकाळी त्याने तीन चाकांवर उभ्या असलेल्या गाडीला हार घातला आणि बॉनेटवर स्वस्तिक काढलं. येणारेजाणारे बघून तोंड लपवत होते. गॅरेजं सगळी बंद, शटरला तोरणं. उद्या लवकर नैवेद्य दाखवून पहाटेच बसवून टाकू, असं तो म्हणाला. पण नवे शू बसवले की गाडी थोडी पळवून, ब्रेक मारमारून ते घासून रुळवावे लागतात, नाहीतर ब्रेक धड धरत नाही, हे त्यानेच मला सांगितलं होतं. पहाटे बसवून लगेच तपासणीला नेली तर नापास ठरलेलीच. मी तसं बोलले, तेव्हा तो तारखेचा कागद काढून पुन्हा पुन्हा वाचत बसला. त्याचा तो चेहरा मला बघवेना.

पाटावर एका बाजूला त्याची हत्यारं होती आणि दुसऱ्या बाजूला सरस्वतीपुढे माझी पुस्तकं आणि पेन. ते पाहताच माझ्या अंगात वारं शिरलं.

"अहो, माझं हत्यार पेन. ते पाटावर आहे," मी म्हणाले. "पाना काही माझं हत्यार नाही. मग मला कसली बंदी?"

हे त्याला पटलं नाही. त्याने सरळ सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे मला परस्पर ओरडा बसेल. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाटावरच्या हत्याराला कुणीच शिवायचं नाही, हे त्यांनी आधी बजावलं. मग लेकाला अहिराणीत म्हणाल्या, "तुना हात बांधेल शेतस, तिना नहीत."

आता अडलं होतं ते हत्यारांपाशी. आमची पाटावर, सोसायटीतल्या बाकी मराठी घरांतलीही पाटावर. पण तळमजल्यावरचे भैया उत्तर प्रदेशातले. ते विश्वकर्मा पूजेला हत्यारं पुजतात, आणि ती पूजा केव्हाच होऊन गेली होती. मी जिन्यावरून धावतच खाली गेले. त्यांनी जॅक आणि पान्यांची अख्खी पेटी काढून दिली आणि आमची अडचण ऐकून पोट धरून हसले.

नवरा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला, हात काखेत दाबून. मी ओढणी कमरेला खोचली आणि जमिनीवर बसकण मारली. ड्रम बसल्याशिवाय कुणी पेडलला पाय लावायचा नाही, हे त्याने सतरांदा सांगितलं. चाकातला पिस्टन बाहेर येऊन ब्रेकचं सगळं तेल सांडेल म्हणे. शू बसले, पण स्प्रिंग काही केल्या अडकेना. पक्कडीने ओढली की सुटायची. एकदा तर उडून थेट जास्वंदीच्या कुंडीत गेली. नवऱ्याचा हात पुढे आला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे गेला. "खालचं टोक आधी," तो कळवळून म्हणाला. मी चिडून म्हणाले, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पण खालचं टोक आधी घातलं आणि खट्‌कन बसली. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की भैया धावत बाहेर आले.

ड्रम चढवला, चाक लावलं, बोल्ट समोरासमोरचे आवळले. मग गाडी खाली घेतली आणि मी किल्ली मागितली. नवऱ्याचं एक तत्त्व आहे: दुसऱ्याने केलेल्या ब्रेकवर तो बसत नाही. कंपनीच्या बसमध्येसुद्धा कुरकुर करतो. मी म्हटलं, मी एकटीच फिरवून आणते. त्यावर तो माझ्या शेजारचं दार उघडून आत बसला.

आम्ही खानवेलपर्यंत गेलो. सुरुवातीला हळू, मग मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा आणि ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. आधी चाकातून खर्र आवाज येत होता, तो हळूहळू मिटला. उतारावर हँडब्रेक ओढला आणि गाडी जागच्या जागी थांबली, तसूभरही सरकली नाही. मला नाचावंसं वाटत होतं. मी स्टिअरिंगवर ताल धरला, वाट्टेल ते गात सुटले, आणि सबंध वाटेत त्याने एकदाही, आपणच ब्रेक मारतोय तसा, पाय खाली दाबून धरला नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब स्वतः गाडीत बसले. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ते मैदानाच्या टोकापर्यंत गेले, वळले, जोरात आले आणि करकचून ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत, आमच्यासमोर थांबली. साहेब मुंबईकडचे, मराठीच होते. उतरून त्यांनी नवऱ्याला विचारलं, ब्रेक कुठे करून घेतले, काम चांगलं आहे.

आता हा खुर्चीत बसून दिलेल्या सूचनांचा पाढा वाचणार, अशी मी तयारीच ठेवली होती.

"घरीच," नवरा म्हणाला. "हिने केलेत. मी हात लावलेला नाही."

साहेबांना वाटलं, बायकोवर ढकलून हा अंग काढून घेतोय, आणि ते हसून सही करायला वळले. मी मात्र तिथेच, भर मैदानात, ऑइलने काळी झालेली नखं ओढणीआड लपवायची विसरून रडायला लागले.