बबलू भाईच्या नावावर

हैदराबादच्या मलकपेठेत नळाला नल्ला म्हणतात, आणि नल्ला दिवसाआड येतो. दिवस ठरलेला, तासाचा भरवसा नाही. उषाबाई शिलाईच्या दुकानात कामाला. नल्ल्याच्या दिवशी तिला अर्धा दिवस घरी बसावं लागे, बादल्या मांडून. तीन वर्षं हे बघून बघून तिच्या मुलीचं, त्रिवेणीचं, डोकं फिरलं. विद्यानगरच्या बाजूला इंजिनिअरिंग शिकत होती. चिडली आणि कामाला लागली.

तिनं वेबसाइट बनवली. नाव ठेवलं ‘नल्ला आया’. ज्या घरी पाणी आलं त्या घरानं फोनवर बटण दाबायचं. दोन वेगळ्या घरांतून दाबलं गेलं की अख्ख्या गल्लीला कळतं, आणि पुढच्या गल्लीला तयारीची सूचना जाते. कोणत्या गल्लीनंतर कोणती, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते पाणीखात्याच्या, व्हॉल्व्हची चावी फिरवणाऱ्या यादय्याच्या डोक्यात होतं. चार आठवडे त्रिवेणी त्याच्या सायकलीमागे पायी फिरली आणि एकेक व्हॉल्व्ह लिहून घेतला.

आणि सगळा कोड तिनं इंटरनेटवर उघडा ठेवला. कुणीही वाचा, घ्या, सुधारा. लोक आले. पुण्याच्या अनिकेतनं पान हलकं केलं, कुणी उर्दू घातलं, कुणी तेलुगू. असे मिळून अकरा जण मदतीला आले. उषाबाई नल्ल्याच्या दिवशीही दुकानात पूर्ण दिवस बसू लागली.

शेवटच्या वर्षी त्रिवेणीनं हेच काम कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून दिलं. तिथं घोळ झाला.

विभागप्रमुखांनी अहवाल कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. मग केबिनमध्ये बोलावून कागद टेबलावर आपटला.

“नाइंटी-फोर परसेंट कॉपी है अम्मा. पूरा इंटरनेट से उठाके लाए.”

“सर, इंटरनेट पे मैंइच डाली. मेराइच है.”

“अच्छा?” त्यांनी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. असल्या उघड्या कामात प्रत्येक बदलाची नोंद राहते: काय बदललं, कधी, कुणी. तिथं इतरांची नावं मोजक्या बदलांवर होती, पण सहाशेबारा बदलांसमोर एकच नाव होतं. बबलू भाई. “तो ये तुम हो?”

शेजारी बसलेल्या प्रियदर्शिनी मॅडमनी मान खाली घातली. त्या त्रिवेणीच्या मार्गदर्शक. हसू आवरत होत्या की लाज, कळायला मार्ग नव्हता.

बबलू म्हणजे तिचा चुलतभाऊ. आबिड्सच्या बाजारात जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकतो. त्यानं दिलेल्या मशीनमध्ये त्यानं हौसेनं आपलं नाव भरून ठेवलं होतं, आणि तेच प्रत्येक बदलावर चिकटत गेलं. त्रिवेणीच्या ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. एका मिनिटाचं काम होतं बदलायचं. तिनं बदललं नाही. का? मुलगी आहे कळलं की लोक कोडबद्दल बोलायचं सोडून गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात. ‘भाई’ला मात्र सरळ उत्तर मिळतं. दोन वर्षं ती आरामात भाई होऊन राहिली. आता भोगा.

“सोमवारी समितीपुढे ये,” मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या. “तुझंच आहे हे दाखवता आलं नाही तर प्रोजेक्ट रद्द. मग अख्खं वर्ष जाईल, पोरी.”

घरी बबलू आलाच होता. “मी येतो ना. सांगतो सरांना, मला त्यातलं ढेकळं कळत नाही.”

“नक्को. भाऊ घेऊन आली म्हणतील.”

“मग नावं बदलून टाक. तूच म्हणालीस एका झटक्यात होतं.”

“होतं. पण अकरा जणांच्या मशीनवर जुन्या नोंदी आहेत, त्यांचं सगळं काम अडकेल. आणि तपासणीच्या तोंडावर सहाशेबारा नावं बदलली तर चोर कोण दिसेल? मीच.”

“कामून एवढी तत्त्वं ग?” उषाबाई भाकरी थापता थापता ओरडली. “वर्ष जायलंय तुझं!”

“जाऊ दे. खाडाखोड करून नाही न्यायचं.”

रविवारी दुपारी तिनं त्या अकरा जणांसमोर उघड लिहून टाकलं: मी त्रिवेणी. बबलू भाई हा माझा चुलतभाऊ, नाव त्याचं, काम माझं. मुलगी म्हणून त्रास नको होता म्हणून गप्प बसले. चूक माझी. दोघांनी अभिनंदन केलं. अनिकेतनं विचारलं, “पुरावा?” तिच्या मस्तकात तिडीक गेली. बोटं शिवी लिहायला निघाली होती. तिनं फोन पालथा टाकला. पण प्रश्न बरोबर होता, आणि तिला झोंबलं ते त्यामुळेच. सोमवारी समितीही हेच विचारणार.

सोमवारी तिनं समितीला तेच सगळं सांगितलं, का गप्प बसली तेसुद्धा. विभागप्रमुख ऐकत होते, चेहरा कोरा.

“कहानी अच्छी है. अब सामने बैठो. दो घर का तीन घर करो. दो बच्चे मस्ती में बटन दबा दिए तो?”

एका ओळीतला एक आकडा. दहा सेकंदांचं काम. त्रिवेणीनं हात कीबोर्डवर ठेवला, आणि उचलला.

“नहीं करती, सर.”

प्रियदर्शिनी मॅडमनी डोळे मिटून घेतले.

“क्या बोले?”

“तीन केलं तर सातव्या गल्लीला कधीच कळणार नाही,” ती घाईत मराठीवर घसरली, मग सावरून त्यांच्या भाषेत आली. तिथं स्मार्टफोनवाली घरंच दोन. आधी तीनच ठेवलं होतं. पहिल्या महिन्यात सातवी गल्ली चार वेळा कोरडी राहिली, म्हातारी वीरम्मा दारात येऊन भांडून गेली, तेव्हा दोन केलं. पोरांच्या मस्तीसाठी वेगळी सोय आहे: ज्या गल्लीचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा तिथून बटण दाबलं गेलं नसेल तर पुढचं बटण मोजलंच जात नाही. “बारावी गल्ली के पहले नववी खुलती, सर. दसवी नहीं. दसवी का पाइप उलटा है.”

“ये कहाँ लिखा है?”

“कोड में खाली नंबर है, वजह कहींच नहीं. यादय्या को मालूम, और मेरे को.”

त्यांनी नोंदी उघडल्या, महिना शोधला. तीनचं दोन झालेलं तिथं होतं, तारखेसकट. कारण कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते करणाऱ्यालाच ठाऊक असणार.

“रिझल्ट तक इंटरनेट से निकाल दो,” विभागप्रमुख शेवटी म्हणाले. “ऑफिस सवाल करेगा.”

“नहीं निकलता, सर. कल हमारा नल्ला है.”

समितीतला एकजण खोकल्याआड हसला. विभागप्रमुख हसले नाहीत. त्यांनी छापील फॉर्म ओढला. त्यात कॉपीच्या टक्क्यांचा रकाना होता आणि तो रिकामा सोडायची सोय नव्हती. त्यांनी चौऱ्याण्णव लिहिलं, पेन थांबलं, मग शेऱ्याच्या जागी सावकाश लिहिलं: मूळ काम याच विद्यार्थिनीचं. खाली सही केली.

“नाम पूरा बोलो,” ते म्हणाले.

तिनं सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.