खिंडीतला भोंगा

आमच्या गाडीचा पहिला हॉर्न म्हणजे शेळीच्या करडाने हाक मारावी तसा होता. ड्रायव्हरकाका बटण दाबून दाबून दमायचे आणि खाली वाडीत कुणाला पत्ता नसायचा. वाडी खोलात, रस्ता डोंगराच्या अंगाने वळत वळत उतरणारा, आणि पावसाळ्यात तर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यापुढे माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. सकाळी गाडी थांब्यावर येऊन उभी राहिली तरी अर्ध्या बायका अजून भाकरी डब्यात भरतायत. मग कामावर उशीर, मग मुकादम बोलणार, आणि बोलणार कुणाला? मला. कारण पुढच्या सीटवर बसते मी आणि सगळ्यांच्या वतीने तोंड वाजवते मी.

रत्नागिरीत कोळंबी सोलायच्या कारखान्यात आम्ही कामाला जातो. आमच्या वाडीतल्या बायका आणि पुलापलीकडच्या गावातल्या बायका, सगळ्यांना मिळून एक गाडी. गाडी ठेकेदाराची, जुनीपुराणी. मी त्या ठेकेदाराच्या अशी काही मागे लागले की मला बघितलं की तो रस्ता बदलायचा. शेवटी कंटाळून त्याने कुठल्याशा मोडीत निघालेल्या ट्रकचा भोंगा आणला आणि गाडीच्या टपावर बसवला. दोन लांब कर्णे, हवेवर वाजणारे. काकांच्या डोक्यावर एक दोरी लोंबायची. ती ओढली की सगळं खोरं दणाणून जायचं. पहिल्या दिवशी गोठ्यातली गुरं दावी तोडायला निघाली आणि म्हाताऱ्यांनी ठेकेदाराच्या सात पिढ्या काढल्या, पण दुसऱ्या दिवशी एकही बाई मागे राहिली नाही.

काका कोल्हापूरकडचे. आम्ही हेल काढून बोलतो म्हणून आमची चेष्टा करायचे, आणि आम्ही त्यांच्या "काय की" ची. माणूस लाखातला, पण भोंग्याच्या बाबतीत भलताच कंजूष.

"एकदाच वाजीवणार, खिंडीत," त्यांनी बजावून ठेवलं होतं. "गाडीच्या पोटात हवेची टाकी हाय. त्याच हवेवर बिरेक लागतोय आन् त्याच हवेवर तुमचा ह्यो भोंगा. उगं वाजवा वाजवा करत बसू नका माझ्यामागं."

तर खिंडीत एक भोंगा, असं ठरून गेलं. सकाळी तो झाला की डबा पिशवीत टाकायचा आणि निघायचं, गाडी पुलापलीकडून वळून येईपर्यंत आम्ही थांब्यावर. संध्याकाळी तो झाला की घरातली माणसं आम्हाला घ्यायला रस्त्यावर यायची. भोंगा म्हणजे रस्त्यावर या, एवढंच वाडीला माहीत. जगात इतर ठिकाणी भोंगा वाजला की माणसं बाजूला होतात. आमच्याकडे भोंगा वाजला की माणसं रस्त्यात येतात.

आणि सगळ्यांत पुढे माझी सासू. कानाने कमी, अंगाने काटकुळी, आणि हट्टी तर इतकी की विचारू नका. लांबून तिला ऐकू यायचा तो तेवढा एकच आवाज. भोंगा झाला की ती घरातून निघायची, थांब्याजवळच्या वळणावर यायची आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून उजवा हात वर करायची. कडेला नाही. मधोमध. मागे एकदा बदली ड्रायव्हर होता, तो थांबा विसरून मला पार पुलापलीकडे घेऊन गेला होता, तेव्हापासूनचं हे. काका रोज तिच्यासमोर गाडी उभी करायचे आणि हात जोडायचे. ती मान हलवून बाजूला व्हायची, जशी काही गाडी तिनेच अडवून धरली.

"आई, कडेला उभं राहत जा हो," मी शंभरदा सांगितलं असेल.

"तू कोण गो मला शिकवणारी?" हे ठरलेलं उत्तर. आमचं दोघींचं घरात असंच चालायचं. नवरा मुंबईला, घरात आम्ही दोघीच. भांडायला तिसरं कोण आणणार?

त्या वर्षी गणपती नुकतेच झाले होते. पावसाने उघडीप दिली होती, भात पोटरीला आलेलं, आणि रस्त्याच्या कडा शेवाळाने निसरड्या. संध्याकाळी लख्ख उजेडात आम्ही परत येत होतो. हाताला कोळंबीचा वास, पाय सुजलेले, मागे दोघीतिघी घोरत होत्या. खिंड आली. काकांनी दुसरा गिअर टाकला, दोरी ओढली आणि सोडली.

भोंगा थांबलाच नाही.

आधी आम्ही हसलो. एकजण म्हणाली, "काका, आज काय वरात आणलीत काय?" काकांनी दोरी परत ओढली, झटका दिला, टपाला खालून बुक्की मारली. वर कर्णे आपले ओरडतायत. गाडी खिंड ओलांडून उताराला लागली होती. मी काकांकडे बघितलं आणि माझं हसू गेलं. ते वर बघत नव्हते. समोरच्या तबकडीवरच्या काट्याकडे बघत होते, आणि तो काटा खाली येत होता.

"काका, काय झालं?" मी कानाजवळ जाऊन ओरडले.

"आतलं कायतरी अडकलंय. हवा चाललीया सगळी!"

"मग थांबवा ना गाडी!"

"थांबवून धरू कशावर? ह्या उताराला हँडब्रेक दम काढायचा न्हाई!"

हल्लीच्या नव्या गाड्यांत म्हणे हवा गेली की ब्रेक आपोआप आवळतात. आमच्या त्या म्हातारीत तसलं काही नव्हतं. काकांनी एकदा पाय दाबला, गाडी जरा धरली, आणि काटा आणखी खाली गेला. मग त्यांनी पाय काढून घेतला आणि गाडी पहिल्यावर घातली. असा करकर आवाज झाला की घोरणाऱ्या उठून बसल्या. इंजिन किंचाळायला लागलं. डाव्या हाताला जांभ्याची दरड, उजव्या हाताला खाली वाडीची कौलं. मी त्या कौलांत आमचं घर शोधलं.

भोंगा वाजतोय. म्हणजे आई निघाली.

नुसती निघाली नाही. रोज एकदा वाजून थांबणारा भोंगा आज थांबायचं नाव घेत नाही, म्हणजे तिला वाटणार गाडी खोळंबलीय, आपल्यालाच बोलावतायत. ती आज पाय उचलून येणार. आणि वळणाच्या अलीकडे दरड अशी आडवी येते की गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. तिथे ती रस्त्याच्या मध्ये उभी राहणार, हात वर करून.

मी पिशवीतून फोन काढला. आमच्या शेजारच्या काकींचं घर रस्त्याला लागून. एक कान दाबून धरला आणि जीव तोडून ओरडले, "काकी, आईला रस्त्यातून बाजूला करा! गाडीला ब्रेक नाही! सगळ्यांना बाजूला करा!"

पलीकडून काकींचा आवाज, आनंदाने ओसंडून चाललेला. "व्हय गो व्हय, आयकू येतंय! सगळ्यांना आयकू येतंय! येताव आम्ही, निघालोच!"

फोन बंद. पुन्हा लावला, उचलायला घरात कोण असणार? अशी चीड आली मला, काकींची नव्हे, त्या वर बोंबलणाऱ्या मेल्याची! बाजूला व्हा म्हणून सांगायचं सोडून तो माझ्या माणसांना हाका मारून गाडीसमोर आणत होता.

पहिलं वळण गेलं. बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या, एकजण रडायला लागली. मी काकांच्या सीटचा मागचा दांडा धरून उभी होते आणि माझ्या कोपराला काहीतरी थरथरत लागत होतं. भोंग्याची नळी. ठेकेदाराने काम आटपायचं म्हणून ती टाकीपासून गाडीच्या आतूनच वर आणली होती आणि दांड्याला सुतळीने बांधली होती. रोज माझं कोपर तिला लागायचं आणि रोज मी त्याला शिव्या द्यायचे.

आंब्याच्या कलमांना पाणी घालताना एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जायचं असलं की आपण काय करतो? नळी मोडून धरतो. मी दातांनी सुतळी तोडली, नळी दोन्ही हातांत घेतली आणि मोडायला लागले. मोडेना. हवेने ती काठीसारखी ताठ झाली होती. मागची एकजण धावून आली, आम्ही दोघींनी मिळून ती गुडघ्यावर दाबली, आणि मग ती एकदाची मोडली. वरचा आवाज चिरकला, रडल्यासारखा झाला आणि थांबला.

एकदम नुसतं इंजिन ऐकू यायला लागलं.

"धरा! सोडू नगा, बाई, आता सोडू नगा!" काका ओरडले. काटा तळाशी थरथरत होता. मग अगदी हळू, भात शिजायची वाट बघावी तसा, वर सरकायला लागला. इंजिन पळत होतं, टाकीत हवा भरत होती. पण वळण समोर आलं होतं.

"काका, पलीकडे आई आहे."

"ठावं हाय मला."

"वाजवू का? सोडू का नळी?"

"सोडलीसा तर बिरेक गेला!" ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "आन् वाजवून ती माऊली बाजूला होणार हाय व्हय?"

नव्हतीच होणार. मला माहीत होतं. वाजवलं असतं तर तिने हात आणखी उंच केला असता.

काकांनी गाडी डावीकडे घेतली. जांभ्याच्या दरडीला गाडीचं अंग घासायला लागलं, पत्रा फाटत गेला, काचा तडकल्या, लाल माती खिडकीतून आत आली. गाडी घासत घासत वळणाला आली आणि दरड संपली.

ती होती. मधोमध. हात वर. मागे काकी, आणि काकींच्या मागे निम्मी वाडी.

आम्ही सगळ्या एका आवाजात ओरडलो, "बाजूला व्हा!" वाडी फुटली, काकी कडेच्या दगडी गडग्यावर चढल्या. आई जागची हलली नाही. तिला आमची तोंडं दिसली असतील, पण आवाज कुठून येणार? काकांनी होती नव्हती ती हवा ब्रेकवर घातली. मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते असं पुढे कितीदा वाटलं, पण नाही मिटले. तिच्या साडीचा काठ, वर केलेल्या हातातली जुनी बांगडी, सगळं मोठं मोठं होत माझ्याकडे आलं.

गाडी थांबली. आईने वर केलेला हात खाली घेतला आणि गाडीच्या नाकावर ठेवला. हात लांबसुद्धा करावा लागला नाही तिला.

मी दाराकडे वळले. नळी सुटली, आणि भोंगा तिच्या तोंडासमोर असा काही बोंबलला की ती टुणकन उडी मारून रस्त्याच्या कडेला गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुणीतरी खदखदून हसलं आणि हसता हसता रडायला लागलं. काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बायकांनी उतरून चाकांना दगड लावले, भोंगा हवा संपेपर्यंत रडत राहिला, आणि मी दारातून उतरून आईला अशी मिठी मारली की तीच घाबरली.

"काय गो? कोण गेलं?" ती म्हणाली.

"तुम्ही जात होतात!" मी ओरडले. तिला ऐकू यावं म्हणून ओरडले आणि मग थांबताच येईना. घरी येईपर्यंत बोलत होते, चूल पेटवताना, ताटं वाढताना बोलत होते. हट्टी आहात, कुणाचं ऐकत नाही, आज तुमचं काही झालं असतं तर मी तुमच्या मुलाला काय तोंड दाखवलं असतं?

मुलाचं नाव काढल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. ताटात भात होता, तो तिने तसाच ठेवला. मुलगा त्या वर्षीही गणपतीला आला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. सुट्टी नाही म्हणाला, शिमग्याला येतो म्हणाला, आणि शिमगाही तसाच गेला. आम्ही दोघी याबद्दल कधी बोलत नव्हतो. इतर हजार गोष्टींवरून भांडायचो, यावरून नाही.

"तो पहिल्यांदा मुंबईला गेला ना," ती म्हणाली, "तेव्हा मी कडेलाच उभी होते. गाडी त्याला घेऊन गेली माझ्यासमोरनं. मी आपला हात हलवला." मग तिने भाताचा घास केला आणि परत ठेवून दिला. "तुला कशी नेऊ देईन?"

मी तिच्या ताटात आमटी वाढली. ती जेवली.

भोंगा ठेकेदाराने काढून नेला. आता गाडी खिंडीत आली की आम्ही खिडक्यांतून कुकारे घालतो. ते वाडीला ऐकू जातात, आईला जात नाहीत. काकी तिला हाताला धरून आणतात आणि कडेच्या दगडावर उभी करतात. उभी राहते, पण मान लांब करून, तोंड एवढंसं करून. म्हणून मीही खिंड आली की सीटवरून उठते आणि दारात येऊन उभी राहते. काका रागावतात, पडाल म्हणतात. पण वळण संपता संपता, गाडी थांबायच्या आधी, तिला मी दिसायला हवी असते.