मिस्त्रींचा काळा अंगठा

कामतघरच्या वाचनालयात यंत्रमाग दुरुस्त करणारे एक लूम-मिस्त्री शिफ्ट सुटली की यायचे आणि व्यंगचित्राखालची ओळ अंगठ्याने झाकून चित्र बघायचे. ओळ न वाचता हसू आलं तर चित्रकार थोर. नाही आलं तर, "ये मास्तर है, आर्टिस्ट नहीं." त्यांचे सगळे थोर चित्रकार तीन बोटांवर मोजून संपायचे.

नातवंडांना खरं वाटत नाही, पण ऐंशी-ब्याऐंशी साली तिथली ग्रंथपाल मी होते. जगातली सगळी अक्कल माझ्याच कपाटात कुलूपबंद आहे, अशा थाटात वावरायचे. खरी थोरवी शब्दांत असते, असं म्हणत मिस्त्रींशी रोज भांडायचे.

मीही व्यंगचित्रं काढायचे; एकदा दिवाळी अंकाला पाठवायचं माझंच चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. वीज गेलीय, लूम थांबलेत, आणि त्या शांततेनं दचकून पाळण्यातल्या पोरानं भोकाड पसरलंय. खाली माझ्या तीन विनोदी ओळी. मिस्त्रींनी त्यावर अंगठा ठेवला.

"वाचता येत नाही म्हणून झाकता ना?" मी फणकारले.

त्यांनी अंगठा उचलला, तिन्ही ओळी खणखणीत वाचल्या, अंगठा परत ठेवला आणि पोराकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बाई, तस्वीर बोलतेय ना? मग तुम्ही कायको मधे बोलता?"

ओळींवर तेलाचा काळा डाग पडला होता. रागारागात मी तेवढी पट्टी कापून चित्र पाठवलं. ते छापून आलं.

मिस्त्रींनी अंक बघितला, तीन बोटं वर केली आणि हळूच चौथं उघडलं. त्या बोटाला धरून मी पुढे तीस वर्षं चित्रं काढली.